शेतीचा धडा : लिंबू-मोसंबीच्या रोपांस माती कोणती घ्यावी?

पेरणाऱ्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतून इतक्या वेळा वाचला जातो की, लहान मुलेही तो न अडखळता सांगतात. त्यात बी एकच असून जमिनी निरनिराळ्या आहेत, आणि चांगल्या जमिनीत पडलेले बी पीक देते. परंतु परभणी व गंगाखेड यांच्या मधल्या पोखर्णी गावी जाऊन एखाद्या शेतकऱ्यास चांगली जमीन कोणती असे विचारावे, तर तो आपल्या काळ्याभोर शिवाराकडे बोट दाखवील. कापूस व ज्वारी यांच्यापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. तीच माती पिशवीत भरून त्याने कागदी लिंबाचे बी लावले, तर मात्र बहुधा त्याची निराशा होईल.

हा विषय घेण्याचे कारण असे की, थोडी जमीन असलेल्या कुटुंबास अंगणात दोन-चारशे पिशव्यांची रोपवाटिका ठेवता येते, आणि ह्या भागात रोपांस मागणी आहे. कागदी लिंबाच्या 'प्रमालिनी' व 'विक्रम' ह्या जाती परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडून काढल्या. ज्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले, त्या जिल्ह्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण जो रोप विकतो तो त्याबरोबर मूठभर मातीही विकत असतो, आणि त्या मातीत काय आहे हे विकत घेणाऱ्यास दिसत नाही. तो खड्डा खणतो, पाणी घालतो, फळासाठी चार-पाच वर्षे वाट पाहतो. मग एखाद्या पावसाळ्यात झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहू लागतो, पाने पिवळी पडतात व फांद्या शेंड्याकडून वाळतात. कित्येकदा त्या दुखण्याचे मूळ पिशवीतच असते.

आता काळ्या मातीचा दोष काय तो पाहू. तिचे कण फार बारीक असतात. ओली झाली म्हणजे ती फुगून चिकट होते, व तिच्यातील हवा निघून जाते. वाळली म्हणजे आकसून भेगा पडतात, आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. शेतात खोलवर जाणारे मूळ ह्यातून वाट काढते; पिशवीत त्याला जागाच नसते. लिंबाच्या जातीच्या मुळांस पाण्याइतकीच हवा लागते, आणि दोन दिवस पाणी तुंबले तरी ती कुजू लागतात. शिवाय आपल्याकडील पुष्कळ जमिनींत चुनखडी आहे. तिच्यामुळे रोपास लोह घेता येत नाही, आणि शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते. चुनखडी ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कोरड्या मातीच्या चिमटीवर लिंबाचा रस किंवा शिरका पिळावा. माती फसफसली, तर ती रोपांसाठी घेऊ नये. लिंबास कोणती माती मानवत नाही, हे असे लिंबूच सांगते!

मग घ्यावे काय? ओढ्याकाठची पोयटा माती किंवा माळावरची तांबूस मुरमाड माती एक भाग, जाड धुतलेली वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, असे मिश्रण पुष्कळ ठिकाणी वापरतात, व आमच्या मते खेड्यातील माणसास ह्याहून सोयीचे दुसरे नाही. गोदावरीची वाळू उत्तम खरी; पण ती उपसण्यास सरकारी परवानगी लागते, तेव्हा रात्री गाडी भरून आणण्याच्या फंदात कोणी पडू नये. चाळलेला बारीक मुरूम वाळूचे काम करतो. शेणखत कच्चे असेल तर ते पिशवीत तापते व त्यातून हुमणी येते. हातात घेतले असता त्यास शेणाचा वास येता कामा नये. नारळाच्या काथ्याचा भुसा हलका व चुनखडीविरहित असतो, म्हणून बी उगविण्याच्या लहान तबकांत तो चांगला. मात्र त्यातील खार अगोदर पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावा लागतो, त्यात अन्न जवळजवळ नसते, आणि आपल्याकडे तो विकतच आणावा लागतो.

मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच फुटावा. तसेच एक पिशवी भरून तीत तांब्याभर पाणी ओतावे. ते वर साचून न राहता तळच्या भोकांतून लवकर ठिबकू लागले पाहिजे. नाहीतर वाळू वाढवावी.

इतके करूनही एक मोठी गोष्ट राहते. आमच्या हातून एकदा असे झाले की, जुन्या मोसंबीच्या झाडाखालची भुसभुशीत, पालापाचोळ्याची माती पाहून आम्हांस मोह पडला. तीच चाळून आम्ही पिशव्या भरल्या. बी सुरेख उगवले. पुढे श्रावणाची झड लागली, आणि आठवड्याच्या आत रोपे मातीलगत काळी पडून माना टाकू लागली. निम्मी गेली. उरलेली दिसावयास हिरवी व टवटवीत होती, आणि घेणारेही दारात उभे होते. पण त्याच मातीतील त्याच रोगाची ती रोपे शेजाऱ्याच्या शेतात कशी पाठवावयाची? आम्ही ती उपटून जाळली. त्या वर्षीचे पैसे बुडाले, हे लपविण्यात अर्थ नाही.

हा रोग फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून ओली माती, वाहते पाणी व चिखलाचे फावडे ही त्याची वाहने होत. लिंबूवर्गीय झाडे जेथे वाढली आहेत तेथील माती घ्यावयाचीच नाही, हा पहिला नियम. दुसरा उपाय देवाने आपल्या मराठवाड्यास फुकट दिला आहे. तो म्हणजे वैशाखाचे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत शेणखतासह सर्व मिश्रण चाळून सात-आठ इंच जाडीने पसरावे, चांगले भिजवावे, आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून कडा मातीने बुजवाव्यात. काळा कागद नको. ऊन आत शिरले पाहिजे. असे चार ते सहा आठवडे राहू द्यावे. ओल व उष्णता मिळून रोगाचे जंतू, सूत्रकृमी व तणाचे बी ह्यांचा बराच नाश होतो. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घालावयाची असेल तर ती तापविल्यानंतर, थंड मिश्रणात घालावी. आधी घातल्यास तीही मरेल.

तापविलेली माती पुन्हा उघड्या जमिनीवर ओतली, म्हणजे सारा खटाटोप व्यर्थ. फावडे धुऊन घ्यावे, आणि भरलेल्या पिशव्या विटांवर किंवा फरशीवर ठेवाव्यात, म्हणजे पावसाचे वाहते पाणी त्यांस शिवणार नाही. पाणी विहिरीचे, झारीने द्यावे, ओढ्याचे नको.

बी मात्र फळातून काढून वाळवीत ठेवू नये. ह्या जातीचे बी सुकले की लवकर मरते. मोसंबीच्या कलमासाठी जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे खुंट करतात. त्यांच्या एका बियातून कधी दोन, कधी तीन कोंब निघतात. त्यांतील बहुतेक आईसारखेच असतात. जे फार खुरटे किंवा पानांनी निराळेच दिसते ते काढून टाकावे. तबकातून पिशवीत लावताना सोटमूळ पाहावे. ते वाकडे असेल तर रोप कितीही उंच असो, ठेवू नये. पुढे खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे मातीपासून सुमारे नऊ इंचांवर डोळा भरावा, आणि शेतात लावताना तो जोड मातीखाली जाऊ देऊ नये, असे रोप नेणाऱ्या प्रत्येकास दारातच सांगावे.