अत्याचारानंतरचे पहिले ७२ तास

बलात्काराची घटना घडली की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘लोक काय म्हणतील?’ दुसरा, ‘पोलिसांत जायचे का?’ या घोळात दोन-तीन दिवस निघून जातात. डॉक्टर म्हणून माझे सांगणे एवढेच, की आधी तिला रुग्णालयात न्या. कारण काही औषधे ठरावीक वेळेतच गुण देतात.

एच.आय.व्ही.ची लागण टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी शक्यतो ७२ तासांत, फार तर पाच दिवसांत घ्यावी. याशिवाय जखमांवर उपचार, धनुर्वाताचे इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस आणि गुप्तरोगांवरील औषधे गरजेप्रमाणे दिली जातात.

शक्य असल्यास तपासणीपूर्वी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. बदललेले कपडे कागदी पिशवीत आणावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा नासतो. मात्र अंघोळ झाली किंवा उशीर झाला म्हणून घरी बसू नका. उपचार तरीही हवेतच.

‘आधी एफ.आय.आर. आणा’ असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. २०१३ च्या कायदेबदलापासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने हे उपचार ताबडतोब व मोफत द्यायचे आहेत. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. नकार देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे. त्यासाठी उपचार थांबत नाहीत.

तपासणीला तिची संमती लागते. १२ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची. ‘दोन बोटांची तपासणी’ कोणी करू लागल्यास ठाम नकार द्या. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. तपासणी अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या आणि फेरतपासणीच्या तारखा चुकवू नका.

घरच्यांना एक विनंती. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे विचारू नका. तिच्याजवळ बसा, तिचे ऐका. मदतीसाठी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक फिरवा. लाज वाटायची असेल तर ती गुन्हेगाराला वाटू द्या. तिला मात्र वेळेवर औषध मिळू द्या.