जुन्या तबेल्यांतील कोळी-भुंगेरा

शास्त्रीय ग्रंथांत ज्यास 'टिप्नस युनिकलर' असें नांव आहे, त्या एका क्षुद्र दिसणाऱ्या भुंगेऱ्याची हकीकत येथें देत आहों. हा युरोपचा रहिवासी. लांबी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याहूनही कमी. रंग तांबूस, पोट गोल व फुगीर, पाय लांब, आणि मिशाही पायांसारख्याच लांब. त्यामुळें पाहणारास तो कोळीच वाटतो. विद्यार्थ्यांनीं पाय मोजून पाहावे. कोळ्यास आठ, यास सहा. मिशा पायांत धरल्या तर मात्र हिशेब चुकावयाचा!

त्याचें पहिलें वर्णन माथियास पिलर व लुडविग मिटरपाखर या दोन जेझुइट विद्वानांनीं १७८३ सालीं प्रसिद्ध केलें. आदल्या वर्षीं त्यांनीं स्लाव्होनियांतील, म्हणजे आजच्या क्रोएशियांतील, पोझेगा प्रांतांतून प्रवास केला होता. त्या प्रवासाच्या ग्रंथांत तें आलें आहे.

उजेड, ऊब आणि कोरडेपणा या भुंगेऱ्यास मानवत नाहीं. जुने गोठे, घोड्यांचे तबेले, तळघरें, कुजकें गवत सांचलेलीं कोठारें हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. रानांत तो पक्ष्यांच्या घरट्यांतही सांपडतो. सडलेला पालापाचोळा व सांडलवंड हेंच त्याचें अन्न. त्यास उडतां येत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्यावरच अवलंबून आहे.

इंग्लंडांतील यॉर्क येथें उत्खननांत निघालेल्या जुन्या मातीची किडे शोधण्यासाठीं कसून तपासणी झाली आहे. पाण्यानें कोंदलेल्या मातीत हवा शिरत नाहीं, म्हणून किड्यांचीं कठीण कवचें शेंकडों वर्षें टिकतात. ती माती चाळणींत धुऊन घासलेटांत कालवावयाची व वर थंड पाणी ओतावयाचें. कवचांस तेल चिकटतें आणि तीं पृष्ठावर तरंगूं लागतात. किती साधी युक्ति ही! अशा रीतीनें रोमन अंमलांतील व त्यानंतरच्याही थरांत या भुंगेऱ्याचे अवशेष मिळाले. तो उडत नसल्यानें नव्या इमारतींत त्याचा शिरकाव होण्यास फार काळ लागतो. म्हणून जेथें त्याचीं कवचें विपुल, तेथील इमारत दीर्घकाळ उभी असली पाहिजे, असें हॅरी केनवर्ड यांच्यासारखे संशोधक अनुमान काढतात. शिलालेख नाहीं, नाणें नाहीं, आणि साक्ष मात्र एका किड्याची!

एके काळीं माणसाच्या आश्रयास इतका रुळलेला हा प्राणी आज ब्रिटनमध्यें क्वचितच दृष्टीस पडतो. घरें कोरडीं व उबदार झालीं, घोडे गेले, तबेल्यांचीं राहण्याचीं घरें बनलीं. वाघाच्या ऱ्हासाची वार्ता सर्वांच्या कानीं जाते. कोठारांतील किड्यासाठीं कोणी हळहळत नाहीं. आम्हांस हा भेद न्याय्य वाटत नाहीं.

एखादा जुना गोठा पाडून तेथें सिमेंटची जमीन केली, कीं तेथील भुंगेऱ्यांस शेजारच्या वाडीचा गोठा गांठणें जवळजवळ अशक्य होतें. गवताच्या भाऱ्यांतून कोणी त्यांस नकळत तेथें नेलें, तरच तें साधावयाचें; आणि गवताचे असे भारे वाहून नेणें तिकडे आतां फारच कमी झालें आहे.