हानी न्यूनीकरण : व्यसनाधीनतेच्या प्रश्नावरील सामुदायिक उपाय

अमली पदार्थांविषयीच्या धोरणाचे सामान्यतः तीन भाग मानले जातात : पुरवठा घटविणे, मागणी घटविणे आणि हानी घटविणे. पहिल्या भागात तस्करी व अवैध लागवडीविरुद्धची कारवाई येते. दुसऱ्या भागात जनजागृती, व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन यांचा समावेश होतो. तिसरा भाग म्हणजे हानी न्यूनीकरण. तो तुलनेने अपरिचित असून त्याविषयी गैरसमजही बरेच आहेत. जी व्यक्ती आज व्यसन सोडू शकत नाही, तिला रोगसंसर्ग, अतिमात्रेमुळे ओढवणारा मृत्यू आणि सामाजिक बहिष्कार यांपासून वाचविणे हा त्याचा हेतू होय. यात व्यसनाला मान्यता देणे किंवा व्यसनमुक्तीचे उद्दिष्ट सोडणे अभिप्रेत नाही. जिवंत राहिलेली आणि आरोग्यसेवेच्या संपर्कात असलेली व्यक्तीच उद्या व्यसनमुक्त होऊ शकते, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशव्यापी सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक अफू, हेरॉईन किंवा तत्सम औषधांचे सेवन करीत होते. सुमारे ७७ लाख व्यक्तींना या सेवनातून उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती, तर सुमारे साडेआठ लाख व्यक्ती इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेत होत्या. अवैध अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० व्यक्तींपैकी जेमतेम एकीला कधी काळी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते.

इंजेक्शन घेणाऱ्या गटात संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. एकच सुई अनेकांनी वापरल्यास एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी यांचे विषाणू रक्तावाटे वेगाने पसरतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नाको’च्या, २०२१ च्या आकडेवारीनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास आढळले.

मणिपूरचा अनुभव

या विचाराची निकड भारताला प्रथम तीव्रतेने जाणवली ती मणिपूरमध्ये. म्यानमारच्या सीमेवरील मोरे या गावामार्गे येणारे, ‘नंबर फोर’ या नावाने ओळखले जाणारे हेरॉईन १९८० च्या दशकात तेथील तरुणांमध्ये पसरले. सप्टेंबर १९८९ पर्यंत तपासलेल्या रक्तनमुन्यांत एचआयव्हीची लागण आढळली नव्हती. त्यानंतरच्या सुमारे सहा महिन्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांमधील लागणीचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

समाजाची पहिली प्रतिक्रिया कठोर होती. व्यसनी तरुणांना तुरुंगात डांबण्यात आले, तर सशस्त्र गटांनी अनेकांना शारीरिक शिक्षा दिल्या. दारू व अमली पदार्थांविरुद्ध रात्री मशाली घेऊन गस्त घालणाऱ्या मैरा पाइबी या महिला संघटनांचाही मोठा दबाव होता. शिक्षेच्या भीतीने व्यसन थांबले नाही, परंतु व्यसनी व्यक्ती अधिक लपून राहू लागल्या. लपून घेतलेले इंजेक्शन घाईने आणि बहुधा दुसऱ्याच्या सुईने घेतले जाते. म्हणजेच ज्या भीतीने रोग आटोक्यात यावा अशी अपेक्षा होती, तिनेच त्याला वाट करून दिली.

या अनुभवातून १९९० च्या दशकाच्या मध्यास चुराचांदपूर येथे स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने निर्जंतुक सुया-सिरिंज पुरविण्याचे काम सुरू झाले. १९९६ मध्ये मणिपूरने स्वतःचे एड्सविषयक धोरण स्वीकारून हानी न्यूनीकरणाला अधिकृत स्थान दिले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. पुढे २००२ च्या राष्ट्रीय एड्स धोरणातही या तत्त्वाचा स्वीकार झाला. ‘नाको’च्या पाहणीनुसार मणिपूरमधील इंजेक्शन घेणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण २०१०-११ पर्यंत सुमारे १३ टक्क्यांवर आले. या घसरणीचे सर्व श्रेय कार्यक्रमाला देणे मात्र योग्य ठरणार नाही. आरंभीच्या काळात लागण झालेल्या पिढीतील अनेक जण मृत्यू पावले, हेही त्यामागील एक कारण आहे.

कार्यपद्धती

जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित संस्थांनी २००९ मध्ये या क्षेत्रासाठी नऊ सेवांचा एकत्रित संच सुचविला. त्यातील प्रमुख सेवांचे कार्य पुढीलप्रमाणे चालते.

१) सुई-सिरिंज कार्यक्रम : निर्जंतुक सुया दिल्या जातात आणि वापरलेल्या परत घेऊन त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावली जाते. या देवघेवीमुळे आजवर कोणत्याही सेवेपर्यंत न पोहोचलेल्या व्यक्तीशी नियमित संपर्क प्रस्थापित होतो.

२) पर्यायी औषधोपचार : हेरॉईनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे दीर्घकाळ परिणाम करणारे औषध जिभेखाली ठेवण्यास दिले जाते. त्यामुळे शरीराची तगमग थांबते, इंजेक्शनची गरज कमी होते आणि व्यक्ती कामधंद्याकडे वळू शकते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-२०१२) हा उपचार स्वीकारण्यात आला. पंजाबमध्ये २०१७ पासून यासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण केंद्रे उघडण्यात आली.

३) तपासणी व उपचार : यात एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस यांचा समावेश होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस-सीवरील औषधे मोफत देण्याची तरतूद आहे.

४) अतिमात्रेपासून बचाव : अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेने श्वास मंदावतो. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाल्यास प्राण वाचू शकतात. अशा वेळी मित्र किंवा कुटुंबीयच जवळ असण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच त्यांना प्रशिक्षण व औषध उपलब्ध करून द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली.

या सर्व सेवांचा कणा म्हणजे ‘पीअर एज्युकेटर’. स्वतः व्यसनाचा अनुभव घेतलेला हा कार्यकर्ता वस्तीतील भाषा, ठिकाणे आणि भीती जाणतो. पोलीस वा डॉक्टर यांच्यापासून दूर राहणारी व्यक्ती त्याच्याशी बोलते. विश्रांती, स्नान, जखमांवर मलमपट्टी आणि समुपदेशन यांची सोय असलेले ‘ड्रॉप-इन सेंटर’ हे या कामाचे दुसरे साधन होय.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार, औषधी प्रयोजन वगळता, आरोग्यास अपायकारक मादक पेये व अमली पदार्थांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावयाचे आहे. त्याच अनुच्छेदात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हेही राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. धोरणातील ताण या दोन कर्तव्यांच्या दरम्यान आहे.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे. हेरॉईन, मॉर्फिन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने मान्यताप्राप्त उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांबाबत, खटल्यापासून संरक्षण देते. उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. वारंवार घसरण होणे हे व्यसनाधीनतेचे लक्षणच असल्याने ही अट अनेकांना जड जाते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार, संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी निर्जंतुक सुया देणे व वापरणे किंवा पर्यायी औषधोपचार करणे हा गुन्हा ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे व्यसनमुक्तीच्या नावाखाली साखळदंडाने बांधून ठेवणे हे त्या कायद्याचे उल्लंघन ठरते.

आव्हाने

कायद्याने संरक्षण दिले तरी वस्तीतील पोलीस शिपायाला त्याची माहिती असेलच असे नाही. सुई बाळगल्याच्या संशयावरून ताब्यात घेतले जाण्याची भीती असेल, तर केंद्रातून सुई नेण्यास कोणी धजावत नाही. स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे. दुहेरी कलंकामुळे त्या केंद्रात येण्याचे टाळतात आणि बहुतांश सेवा पुरुषांना नजरेसमोर ठेवून उभारलेल्या आहेत. पर्यायी औषधासाठी रोज केंद्रात यावे लागल्यास रोजंदारी बुडते. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांचे औषध घरी देण्याची मुभा मिळाली, तेव्हा या अडचणीवर मार्ग निघू शकतो हे दिसून आले.

१५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाने जनजागृतीवर भर दिला. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनांतून पुनर्वसन केंद्रे, संपर्क केंद्रे आणि १४४४६ ही मदतवाहिनी चालविली जाते, तर सुई-सिरिंज कार्यक्रम ‘नाको’कडे आहे. एकाच व्यक्तीच्या गरजा अशा रीतीने दोन मंत्रालयांत विभागल्या गेल्याने जिल्हा पातळीवरील समन्वय निर्णायक ठरतो.

मणिपूरच्या इतिहासाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. समाज व्यसनी व्यक्तीला हाकलूनही लावू शकतो आणि सावरूनही घेऊ शकतो. यांपैकी दुसरा मार्ग समाजाला सुकर व्हावा, यासाठी कायदा, आरोग्ययंत्रणा आणि स्थानिक संस्था यांना परस्परपूरक करणे हेच या धोरणापुढील खरे कार्य आहे.