दुबईतलं खातं आणि इथलं रिटर्न

दुबईत चार-पाच वर्षं नोकरी करून परतलेले आणि आता इथे दुकान टाकणारे बरेच जण विचारतात, "सर, तिकडचं खातं चालूच ठेवलंय. इथं कुणाला कळणार?"

कळतं. त्यासाठी कुणी चौकशी करायलाही लागत नाही. ओईसीडी या संस्थेने 2014 मध्ये सीआरएस, म्हणजे कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड, आणलं. भारत 2017 पासून त्यात माहिती देतो-घेतो, यूएई 2018 पासून. "तुम्ही कराच्या दृष्टीने कुठल्या देशाचे रहिवासी?" असा फॉर्म बँक भरून घेते ना, सगळं तिथेच ठरतं. उत्तर भारत असेल, तर नाव, पत्ता, पॅन, वर्षअखेरची शिल्लक आणि व्याज बँक तिथल्या सरकारला कळवते, ते सरकार आपल्या आयकर खात्याला. दरवर्षी, न मागता.

आता आपल्या धंदेवाल्यांची खरी अडचण. आपण सवयीने आयटीआर-4, सुगम, भरून मोकळे होतो. परदेशात खातं असेल तर तो फॉर्म चालतच नाही! आयटीआर-3 घ्यायचा आणि त्यात शेड्यूल एफए भरायचं, व्याज शून्य असलं तरी. नुकतेच परतला असाल तर काही काळ एफएमधून सूट मिळू शकते, सीएला विचारा, "मी आरएनओआर आहे का?"

न दाखवल्यास काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून, स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला तो लागत नाही, पण माहिती द्यावी लागतेच. आणि हो, एफएसाठी बँकेचं स्टेटमेंट एप्रिल-मार्चचं नाही, जानेवारी ते डिसेंबरचं काढा.