जोर लावायच्या वेळी भूल बंद का करायची?

केतकी : मावशी, जाऊबाई म्हणतात, कमरेतल्या इंजेक्शनने कळा सोसवतात, पण शेवटी औषध बंदच करतात. नाहीतर जोर लावता येत नाही म्हणे.

मावशी : बऱ्याच ठिकाणी तसं करतात. भूलतज्ज्ञ म्हणून मला ते अजिबात पटत नाही. पिशवीचं तोंड १० सेंटीमीटर उघडलं की बाळ खाली सरकतं आणि दुखणं जागा बदलतं. आधी पिशवी आवळते त्याची कळ असते. आता खालचा सगळा मार्ग ताणला जातो. ऐन त्या वेळी औषध तोडलं, तर बाईचा धीरच सुटतो.

केतकी : पण पायच बधिर झाले तर?

मावशी : पूर्वी व्हायचे, औषध कडक असायचं. आता बुपिवाकेन ०.१ टक्का किंवा त्याहूनही पातळ, सोबत थोडं फेंटानिल. वेदनेच्या नसा बारीक, त्या आधी गप्प होतात. स्नायूंच्या जाड नसा बऱ्याच जाग्या राहतात. सुई काढून घेतात, बारीक नळी तेवढी पाठीत असते, त्यामुळे डोस कमीजास्त करता येतो. नानजिंगमध्ये ४०० पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. शेवटच्या टप्प्यात निम्म्यांना औषध चालू ठेवलं, निम्म्यांना नळीतून नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळतंय, हे बाईलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. हा टप्पा सरासरी किती चालला? औषधवाल्यांचा ५२ मिनिटं, पाण्यावाल्यांचा ५१!

केतकी : मग सिझर वाढतं म्हणतात ते?

मावशी : नाही वाढत. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाईन लावून लक्ष ठेवतात. इंजेक्शन घेतलं नाही त्यांच्यापेक्षा शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो, हे खरं. पण बाळाचे ठोके चांगले असतील तर घाई कशाला? खाली दाब जाणवेपर्यंत थांबावं, मग जोर लावावा. आणि कुशीवर झोपावं. ब्रिटनमध्ये इंजेक्शन घेतलेल्या तीन हजारांवर पहिलटकरणी पाहिल्या : कुशीवर असलेल्यांपैकी ४१ टक्के चिमटा-व्हॅक्यूम किंवा सिझरशिवाय बाळंत झाल्या, उठून बसलेल्या-उभ्या राहिलेल्यांपैकी ३५.

केतकी : मी नाव घातलंय तिथे काय विचारू?

मावशी : रात्री भूलतज्ज्ञ तिथेच असतात का, की घरून बोलवावे लागतात? आणि शेवटी औषध चालू ठेवतात का? सातव्या महिन्यातच विचारून ठेव. कळा सुरू झाल्यावर कोण विचारत बसणार!