भरली वांगी : परड्यातून पातेल्यात

भरलं वांगं अख्खंच शिजतं, म्हणून निवड महत्त्वाची. लहान, कोवळी, काटेरी देठाची वांगी घ्यावीत. देठ ठेवून चार चिरा द्याव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकावीत. चीर फाकवून आत जरूर पाहावे. फळ पोखरणारी अळी बाहेरून बहुधा दिसत नाही.

दाण्याचा कूट सढळ हाताने, भाजलेले तीळ-खोबरे, कांदा-लसूण मसाला, मीठ. गूळ आपलाच, पण खडाभरच! हे दाबून भरावे, तेलात परतावे, झाकणीवर पाणी ठेवून मंद जाळावर शिजवावे.

आमचे आग्रहाचे सांगणे : फवारणी झाली असल्यास औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले दिवस भरेपर्यंत तोडा करू नये. घरी नको आणि बाजारालाही नको.