डेटाबेस सर्व्हरांचा समूह : प्रमुख कोण?

संगणकावरील माहिती एकाच यंत्रात ठेवली, तर ते बंद पडताच सारे व्यवहार थांबतात. यावरचा तोडगा म्हणजे क्लस्टर, अर्थात एकाच माहितीच्या प्रती बाळगणाऱ्या सर्व्हरांचा समूह. सर्वसाधारण पद्धत अशी की, त्यांतील एक प्रमुख असतो; नवी नोंद त्याच्याकडे व्हायची व इतरांनी ती उतरवून घ्यायची. वाचनाचे काम सर्वांत वाटता येते, त्यामुळे वेगही वाढतो. प्रमुख पडला, तर दुसरा त्याची जागा घेतो.

पण प्रमुख खरोखरच बंद पडला, की केवळ त्याच्याशी संपर्क तुटला, हे दूरच्या सर्व्हराने ओळखावे कसे? दोन्ही प्रसंगी त्याला शांतताच ऐकू येते. जुना प्रमुख चालू असताना नवा नेमला गेला, तर एकाच दुकानाच्या दोन चोपड्या सुरू व्हायच्या! म्हणून नेमणुकीला बहुमत लागते. पाचांपैकी तिघे एकमेकांच्या संपर्कात असतील तरच निर्णय. कारण एकाच वेळी दोन बहुमते संभवत नाहीत.

तथापि बहुमतानेही सगळे भागत नाही. संगणकाचे प्रोग्रॅम साठविणाऱ्या गिटहब या अमेरिकन कंपनीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी एक उपकरण बदलताना पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरांना प्रमुखपद दिले. नियमाला धरूनच ते झाले. परंतु पूर्वेकडील शेवटच्या काही नोंदी पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या; एका गजबजलेल्या समूहात त्या ९५४ होत्या. संपर्क जुळल्यावर पश्चिमेकडे नव्या नोंदी होऊ लागल्या. आता कोणतीच प्रत पूर्ण उरली नाही.

पूर्वेकडच्या नोंदी सोडून दिल्या असत्या, किंवा पश्चिमेकडच्या, तर काम लवकर उरकले असते. तिथल्या अभियंत्यांनी तसे केले नाही. काही सेवा त्यांनी मुद्दाम थांबविल्या, बॅकअपवरून प्रती पुन्हा उभारल्या आणि राहिलेल्या नोंदी जुळविण्यासाठी बाजूला जपून ठेवल्या. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. माझ्या मते ती दिरंगाई नव्हे; लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या नोंदीची ती किंमत होती.

या घोळाचे मूळ वेगातच आहे. दूरच्या प्रतीची पोच येईपर्यंत प्रमुखाने थांबायचे ठरविले, तर अशी नोंद अर्धवट राहत नाही. मात्र मग प्रत्येक नोंदीला दोन किनाऱ्यांमधली जा-ये पडते, आणि संपर्क तुटला की लिहिणेच थांबते.